बुंध्याजवळचं पिल

आमच्या मळ्यातली विहीर खणताना खोलवर गोटे आणि शिंपले लागले होते. कधीकाळी तिथून नदी वाहायची. ती कुणी हाकलली नव्हती, आपोआप दूर गेली. म्हणून ऊन कितीही वाढलं तरी मी म्हणायचो, पृथ्वी कूस बदलते, पुन्हा वळेल.

यंदाच्या उन्हात केळीचे घड दांड्यातून मोडून पडले. पुढच्या पिकासाठी बुंध्याशी फुटलेला एक कोंब, म्हणजे पिल, राखायची आमची रीत. मी तलवारीसारख्या पानांचं पिल निवडलं. बायको लिलाबाई त्यावर सावलीला ओलं पोतं धरून उभी होती.

"आबा, राखू नका. गाड्या-कारखान्यांच्या धुरानं ऊन वाढतच जाणार, पुढचे घडही मोडतील," नात साक्षी म्हणाली.

"नदी हलली तेव्हा कुणी धूर केला होता?"

"नाही. पण तिला हजारो वर्षं लागली. हे तुमच्या एका आयुष्यात झालं, आणि माणसांच्या धुरानं."

"पाऊस बी तुना कॉलेजमा शिकस का?" लिलाबाईने टोमणा मारला.

साक्षी हसली नाही.

"मग पृथ्वी परत कधी वळेल?" मी विचारलं.

"धूर आज थांबला, तरी माझ्या हयातीत नाही."

मी विळा घेतला. लिलाबाईने पोतं बाजूला केलं. कापलेल्या पिलाच्या गाभ्यातून बराच वेळ पाणी गळत राहिलं.