सतरावी सही

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. पडद्यावर सात माणसांची एक चिमुकली कंपनी आपला बोलका संगणकी मदतनीस जगाला दाखवत होती. काहीही विचारा, फाडफाड उत्तर. बाईंच्या हाताखालच्या नऊ जणांनी तसाच मदतनीस वर्षापूर्वीच बनवून ठेवला होता. त्यांची कंपनी केवढी अवाढव्य! पैसा, यंत्रं, हुशार माणसं, कशाची म्हणून ददात नाही. ददात फक्त ‘हो’ म्हणणाऱ्याची. नवी वस्तू बाहेर काढायची तर सतरा विभागांच्या सह्या लागत. सोळा झाल्या होत्या. सतरावी अकरा महिने अडून बसली होती.

तेवढ्यात वरून निरोप आला, आज संध्याकाळपर्यंत मंजुरी आली नाही तर नऊही जणांना नारळ.

बाई तणतणत मंजुरी विभागात गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाला सगळे काका म्हणत.

“काका, त्या कुंभकर्णाचं नाव सांगा. आज त्याला सोडत नाही मी.”

“सुरक्षा तपासणीची सही राहिलीय. ते साहेब नोकरी सोडून गेले ना.”

“मग त्यांच्या जागी कोण?”

काकांनी यादीवरून बोट फिरवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा फिरवलं.

“अहो, बोला की!”

“ताई, तुम्हीच.”

बाईंना आधी हसू आलं. मग त्यांनी यादी ओढून स्वतः वाचली. गेल्या वर्षी खात्यांची उलथापालथ झाली, तेव्हा असले पाच-सहा पदभार त्यांच्या गळ्यात पडले होते. त्या पदभारांची पत्रं ढिगाने यायची, म्हणून ती न उघडताच बाजूला पडावीत अशी सोय बाईंनी करून टाकली होती. इथे सगळेच तसं करतात. आता त्यांनी फोनवर तो ढीग उघडला. दर सोमवारचं स्मरणपत्र त्यात होतं. आणि सुरक्षा तपासणीच्या झोपाळू विभागाला बाईंनीच संतापून लिहिलेली तीन तक्रारपत्रंही होती.

“द्या इकडे, आत्ता करते सही!”

“स्वतःच्या कामावर स्वतःची सही चालत नाही, ताई. समिती दुसरा माणूस नेमेल. दीड महिना तरी धरा.”

बाई परतल्या तेव्हा नऊही जण दारातच उभे होते.

“सापडला का तो?” त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने विचारलं. “नाव सांगा फक्त, बघतोच त्याच्याकडे.”

बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

“मीच,” त्या म्हणाल्या.

दोघं-तिघं हसले. बाई थट्टा करताहेत, असं त्यांना वाटलं.