पाठमोरी

पालने कमरेच्या पिशवीतल्या पांढऱ्या पावडरीत दोन्ही हात बुडवले, बोटांवर फुंकर मारली आणि चढाईच्या स्पर्धेच्या भिंतीवरची पहिली पकड धरली. लहानपणी ती कपाटांवर, दारांच्या चौकटींवर जाऊन बसायची. तेव्हा ताईने 'पाल' हे नाव ठेवलं होतं. आता प्रेक्षकही त्याच नावाने ओरडत.

ताई तिच्याहून सरस. तीन वर्षांपूर्वी एका उघड्या कड्यावर हाताखालचा दगड निखळला आणि ताई गेली. तेव्हापासून पाल चढू लागली की ताई कानाशी बोलायची. हात लांब कर. श्वास सोड. पाल निमूट ऐकायची. मध्येच डावा हात सैल सोडून झटकायचा, मान तिरपी करून वर बघायचं, ही सगळी लकब ताईचीच. आईने ताईची एकही स्पर्धा पाहिली नव्हती. जीव टांगणीला लागतो म्हणायची. पालच्या मात्र एकूणएक स्पर्धांना ती यायची आणि शेवटच्या रांगेत बसायची.

"ती तुझ्याहून वीतभर उंच होती," सकाळी प्रशिक्षक वैतागून म्हणाले होते. "तिच्या मापाने चढलीस तर आजही पडशील. आणि आज पडलीस तर संघातून गेलीस."

निम्म्याहून वर ती अडली. पुढची पकड दूर, डावीकडे होती.

हात लांब कर, ताई म्हणाली.

ताईचा पोचला असता. मागच्या दोन्ही अंतिम फेऱ्या तिने अशाच झेपेत घालवल्या होत्या.

"नाही पोचत गं, ताई," भिंतीला गाल लावून ती पुटपुटली.

कानात काहीच उमटलं नाही.

तिने पाय पोटाशी घेतले, बेडकासारखी आखडली, टाच कमरेच्याही वर एका उंचवट्यात अडकवली आणि अंग इंचाइंचाने ओढत नेलं. दिसायला अगदीच बेंगरूळ. पण बोटं पकडीत बसली. शेवटच्या पकडीला दोन्ही हात लागले तेव्हा खालून गलका उसळला. तिने वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत आईची खुर्ची रिकामी होती.

पदक गळ्यात पडताच ती शोधायला निघाली. आई मागच्या जिन्यात पायरीवर बसली होती.

"जिंकले मी."

"ऐकू आलं." आईने तिचे सोललेले तळवे ओंजळीत घेतले.

"मग थांबली का नाहीस?"

आईने तळव्यांवरची पांढरी पावडर पदराने टिपली.

"पाठमोरी तू हुबेहूब तीच दिसायचीस," ती म्हणाली. "हात झटकलास की वाटायचं, आहे. त्यासाठीच यायचे मी. आज मध्येच ती दिसेनाशी झाली."

पाल खालच्या पायरीवर टेकली. तिला आईवर रागवायचं होतं, पण जमेना.

"मला पण आज ऐकू नाही आली," ती म्हणाली.

आईने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी येशील?" पालने विचारलं.

"येईन की. तुला चढताना मी अजून पाहिलंय कुठे?"

जिना रिकामाच होता. तरी थोड्या वेळाने दोघी भिंतीकडे सरकल्या, कुणाला तरी जायला वाट द्यावी तशा.