सरलाला विचारलेला प्रश्न

आठवी शिकलेला माणूस क्विझला जाऊन काय करतो, असं लोक मला विचारतात. जिंकतो, आणखी काय करणार! गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवताना दिवसभर रेडिओ चालू असतो. चोवीस वर्षं ऐकतोय, डोक्यात काय वाट्टेल ते साठलंय.

जर्मनीत आमच्या डार्मश्टाटला एक छोटा पब आहे, तिथं दर गुरुवारी संध्याकाळी क्विझ असते. आमच्या टेबलावर मी आणि ओळखीतला श्रीरंग. पोरगा युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो, पण फुटबॉलचं काही विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतो.

मार्चमध्ये तो म्हणाला, "दत्ताकाका, काकूंना आणा ना एकदा."

"तिला कुठं जर्मन येतंय!"

हे मी चोवीस वर्षं म्हणत आलोय. ऑफिसात, डॉक्टरकडे, पोरीच्या शाळेत, तिला काही विचारलं की उत्तर माझं. आधी गरज होती, मग सवयच पडली. बाई अकरा वर्षं बेकरीत कामाला जाते, तिथं काय मराठीत बोलत असेल? पण माझ्या टाळक्यात कधी आलंच नाही.

तर सरला आली. नवा स्वेटर घालून, केस नीट बांधून. ट्राममध्ये म्हणाली, "अहो, मला विचारलं तर?"

"घाबरू नको, मी आहे ना."

क्विझ घेणारा योर्ग दाढीवाला, मोठ्या आवाजाचा. त्याचा एक नियम आहे. टेबलावर नवा माणूस आला की त्याला एकट्याला एक प्रश्न. टेबलावरून जे पहिलं ऐकू येईल तेच उत्तर धरायचं.

तो माइक घेऊन सरलासमोर उभा राहिला. जर्मनमध्येच, पण हळू विचारलं, "पुम्परनिकल, तो काळा पाव, कमीत कमी किती तास भाजतात?"

सरला ताठ बसली. हसली सुद्धा. तोंड उघडलं तिनं, आणि मी बोललो, "दोन!"

"चूक! सोळा!" योर्ग ओरडला. सगळा पब हसला. मीही हसलो.

श्रीरंग तेवढा हसला नाही. "काका, प्रश्न काकूंना होता."

"अरे, एकच मार्क गेला ना."

परतीच्या ट्राममध्ये ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी विचारलं, "तुला येत होतं?"

"रोज तेच पाव भरते पिशव्यांत. भट्टी आदल्या दिवशी लावतात."

"मग पटकन बोलायचं की."

"तुमच्याआधी?" एवढंच म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. रागवलेल्या बायकोला समजावता येतं, मला जमतं ते.

पुढच्या गुरुवारी म्हटलं, "चल ना. शपथ, तोंड उघडणार नाही." तर म्हणाली, "तुम्ही जा, मला कपडे आवरायचेत." त्याच्या पुढच्या गुरुवारी पण कपडेच. एवढे कपडे आहेत तरी कुठं आमच्याकडे!

काल योर्गनं टेबलाशी थांबून विचारलं, "तुमची बायको येत नाही का आता?"

"नाही, तिला असलं आवडत नाही," मी म्हटलं.

तो गेला. श्रीरंगनं माझ्याकडे बघितलं. "काकू असं म्हणाल्या?"

मी ग्लास तोंडाला लावला. तसं ती कधीच म्हणाली नव्हती.