पंख्यात अडकलेलं जाळं

‘बेथलेहेम’ बोटीचं इंजिन बंद पडलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. पाचूबंदर सोडून तिसरा दिवस. आधी बोटीला खालून हिसका बसला, मग घरघर झाली आणि एकदम सगळं शांत.

जॉयल पुढे नाळेवर, बोटीच्या टोकाशी बसला होता. दोन दिवस ओकून ओकून त्याच्या पोटात काही उरलं नव्हतं. काय झालं ते त्याला ठाऊक होतं. थोड्याच वेळापूर्वी उजव्या अंगाला त्याने एक केशरी बोया तरंगताना पाहिला होता. त्याच्यामागे हिरवट दोरांचा लांबलचक गुंता, कुणाचं तरी तुटून वाहत आलेलं जाळं. पुढे लक्ष ठेवायचं काम तांडेलाने त्याच्यावरच सोपवलं होतं. पण आदल्या दिवशी फेसाचा पट्टा बघून तो ‘जाळं, जाळं’ म्हणून ओरडला होता आणि सगळी बोट संध्याकाळपर्यंत हसत होती. म्हणून या वेळी तो गप्प राहिला. खात्री करून घेऊ म्हणाला, तोवर बोया बोटीखाली गेला होता.

तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, त्याचा सख्खा मामा सॅन्टन. पस्तीस वर्षं दर्यात काढलेला, मोजकं बोलणारा माणूस. जॉयल गोखिवऱ्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. मालकाने मशिनं वापीला हलवली आणि जॉयल एकविसाव्या वर्षी घरी बसला. मामाच्या बोटीवर एक खलाशी कमी होता. “मी येतो,” तो म्हणाला. आई, क्लेमेंटीन, चार दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. मामाही काही खूश नव्हता. “वर्कशॉपची जमीन हलत नाय,” एवढंच तो म्हणाला होता.

इंजिन बघणारा स्टीवन खालून वर आला. “बोटीखालचा पंखा जाम झालाय. जाळं गुंडाळलं असनार.”

असं झालं की सुरी घेऊन पाण्यात उतरायचा तो विघ्नेश. बोटीवर पट्टीचा पोहणारा तोच. पण कालच दोर ओढताना त्याचा उजवा तळवा उभा फाटला होता, आणि फडक्याखालून अजून रक्त झिरपत होतं. तरी तो शर्ट काढायला लागला.

“थांब,” सॅन्टन म्हणाला. “त्या हाताने तुला सुरी धरता येनार नाय. वायरलेसवर दुसऱ्या बोटीला हाक देऊ.”

गावातली सगळ्यात जवळची बोट तीन तासांवर होती. तिकडून होकार आला आणि स्टीवनने चहा ठेवला. नांगर टाकण्यात अर्थ नव्हता. खाली पंचेचाळीस वाव खोल पाणी आणि तेवढा दोर बोटीवर नव्हता. वारा नेईल तिकडे ‘बेथलेहेम’ वाहू लागली.

धुरकट हवेत समोरचं फार लांबचं दिसत नव्हतं. विघ्नेश टपावर चढला होता. तिथून तो हळूच म्हणाला, “तांडेल, जहाज.”

उत्तरेला धुक्यात एक काळी भिंत उभी राहिली होती. उरणच्या बंदराकडे जाणारं कंटेनरचं जहाज. त्याची दोन्ही अंगं सारखी दिसत होती, म्हणजे ते सरळ यांच्यावरच येत होतं.

सॅन्टनने वायरलेस उचलला. “शिप, शिप, फिशिंग बोट. इंजिन फेल. प्लीज चेंज कोर्स.” नुसती खरखर. पुन्हा सांगितलं, हिंदीत सांगितलं. खरखर. विघ्नेश लाल कापड हलवत होता.

“किती वेळ?” स्टीवनने विचारलं.

“पंधरा मिनिटं. कमीच,” सॅन्टन म्हणाला.

जॉयल कधी उभा राहिला ते त्यालाही कळलं नाही. “मामा, मी बोया बघितला होता. बोललो नाही. मी उतरतो.”

सॅन्टनने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण त्याला आत्ता वेळ नव्हता. त्याने कंबरेची सुरी काढून भाच्याच्या हातात दिली आणि त्याच्या पोटाला दोर बांधला. “बोट वर गेली की आत शिर. खाली आली की बाहेर हो. डोकं सांभाळ.”

“हॅक्सॉचं ब्लेड पण द्या,” जॉयल म्हणाला. “आणि स्टीवन अंकल, गिअर न्यूट्रलला ठेवा. मी दोर एकदा ओढला की पंख्याचा शाफ्ट हाताने उलटा फिरवायचा. दोनदा ओढला की थांबायचं.”

पाणी थंड आणि हिरवं होतं. पंखा दिसतच नव्हता. त्या जागी नायलॉनचा एक मोठा गोळा होता, आणि शाफ्टला लागून तो घासून, वितळून दगडासारखा घट्ट झाला होता. जॉयलने सुरी चालवली. वरचे दोर सुटले. तेवढ्यात बोट खाली आली आणि तळाला चिकटलेल्या शिंपल्यांनी त्याचा खांदा सोलून काढला. तो वर आला, श्वास घेतला, परत गेला.

तिसऱ्या वेळी बाहेरचा गुंता निघाला. खालचा वितळलेला भाग सुरीला दाद देईना. ब्लेड घेऊन तो करवतू लागला. लेथवर अडकलेला तुकडा काढताना उस्ताद सांगायचा, जोर लावू नको, धार चालू दे. त्याने जोर कमी केला. मग दोर एकदा ओढला. शाफ्ट हळूच उलटा फिरला, एक वेढा सैल झाला आणि त्याच वेढ्यात त्याचं मनगट अडकलं.

त्याने दुसऱ्या हाताने दोर दोनदा ओढला. शाफ्ट आणखी थोडा फिरला. मनगट आवळलं. पुन्हा दोनदा. शाफ्ट थांबला. छातीत आग पेटली होती. आता त्याला पाण्यातूनच एक धडधड ऐकू येत होती, कानांनी नव्हे, दातांनी. ती आपल्या छातीची नव्हती, जहाजाची होती. ब्लेड डाव्या हातात घेऊन त्याने तो वेढा कापला, सगळा गुंता ओरबाडून सोडवला आणि वर आला.

“सुटलं,” एवढंच त्याला बोलता आलं.

विघ्नेशने फाटक्या हातानेच त्याला आत ओढलं. इंजिन पहिल्यांदा चालू झालं नाही. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा धरलं. सॅन्टनने सुकाणू पूर्ण फिरवलं आणि ‘बेथलेहेम’ रडतरखडत बाजूला सरकू लागली. काळी भिंत वर वर चढत गेली, तिने आकाश झाकलं, गंजलेला लाल तळ आणि पुढे उसळणारं पांढरं पाणी दिसलं. शंभरेक हातांवरून ते जहाज निघून गेलं. वर एकही माणूस दिसला नाही. मागून आलेल्या लाटांनी बोट आडवी होता होता राहिली; चहाचं भांडं, डबे, बर्फाच्या पेटीचं झाकण, सगळं पाण्यात गेलं.

स्टीवनने येणाऱ्या बोटीला परत फिरायला सांगितलं. सॅन्टनने जॉयलच्या पोटाचा दोर सोडला, गुंडाळून ठेवला आणि बिडी पेटवली.

“मामा,” तो म्हणाला, “आईला काय सांगू?”

“काय झालं ते सांग.” सॅन्टन पाण्याकडे बघत होता. “पन आधी बोया बघून गप्प बसलास ते सांगायचं. मग पान्यात उतरलास ते. आधी उतरल्याचं सांगून मोकळा होऊ नको.”

आणखी दोन दिवस त्यांनी जाळी टाकली. सरंगा बरा मिळाला. शनिवारी दुपारी गावाजवळच्या किल्ल्याचा तट दिसायला लागला आणि भरती धरून बोट पाचूबंदरला लागली.

क्लेमेंटीन टोपली घेऊन धक्क्यावर उभी होती. बर्फाची पेटी उतरायच्या आधीच जॉयल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, मामाने सांगितलं होतं त्याच क्रमाने. बोयाचं सांगताना त्याची जीभ अडखळली. तिने त्याचा शर्ट बाजूला करून खांदा पाहिला, मनगटावरचा काळानिळा वळ पाहिला. मग ती भावाकडे वळली.

“सॅन्टन, परत कधी निघता?”

“मंगळवारी, बाय.”

“मंगळवारी तो येनार नाय.” तिने टोपली डोक्यावर घेतली. “गुरुवारी निघा. खांदा सुकू दे त्याचा.”

सॅन्टनने मान हलवली आणि बर्फाच्या पेटीची एक बाजू धरली. दुसरी बाजू जॉयलने उचलली.