धुतलेली डबी

कुणाचं पोट दुखलं की लोक काय म्हणतात, तुम्हाला ठाऊकच आहे. “अरबट-चरबट खाल्लं असेल!” ताईचं पोट तर तीन वर्षं दुखत होतं आणि प्रत्येक रिपोर्ट म्हणे, सगळं ठीक. मग काकांनी निकालच लावला, “मनाचे खेळ!”

धाकटीला आपली जुनी ताई हवी होती. पोहायला जाताना पुढे पळणारी, उगाच वेणी ओढणारी. ताई शेजारच्याच खोलीत असायची, तरी धाकटीला तिची आठवण यायची!

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. “आतड्यात कोट्यवधी जिवाणू नांदतात. जुनाट आजारात ती वस्ती बदलते आणि शौचाच्या तपासणीत ते दिसू शकतं. तेवढ्यावरच निदान होत नाही, पण शोधायचं कुठे ते कळतं. तुलनेला घरातलंच निरोगी माणूस हवं. तेच पाणी, तेच जेवण.”

आईला मधुमेह, धाकटीने नुकतीच अँटिबायोटिक्स घेतलेली. उरले बाबा. बाबांची लॉन्ड्री होती.

“छे! गिऱ्हाईकं काय म्हणतील?”

“जगाचे डाग धुता आणि पोटच्या पोरीसाठी नाक मुरडता?” आई कडाडली.

“राहू दे गं आई,” ताई म्हणाली. “मला सवय झालीये आता.”

बाबांच्या हातातली इस्त्री थांबली. शर्ट करपल्याचा वास आला तरी ते ताईकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात गेले. बाईंनी बाबांच्या नमुन्याची डबी उघडली आणि दचकल्या. “हा वास कसला?”

“ब्लीच,” बाबा पुटपुटले. “स्वच्छ धुतली आधी. शिवाय थोडं वरूनही घातलं. तुमच्याकडे घाण कशी पाठवायची?”

“अहो, ज्या जिवाणूंची ओळख पटवायची, त्यांचा चेहराच पुसून आणलात!”

आणि ताई हसली. खळखळून! धाकटीला रडूच फुटलं.

बाबा ताडकन उठले. बाहेरची खोली खच्चून भरलेली. त्यात त्यांची दोन गिऱ्हाईकंही होती. काउंटरच्या खिडकीशी जाऊन बाबा दुकानातल्यासारखे गरजले, “शौचाच्या तपासणीची आणखी एक डबी द्या! माझ्या लेकीसाठी हवी!”

सगळ्यांच्या माना वळल्या. मग कोपऱ्यातल्या एका आजोबांनी हळूच विचारलं, “मलाही द्यायचा होता नमुना… इथेच मिळते का हो डबी?”

ताई अजून बरी झालेली नाही. धाकटी वाट बघतेय. पण मित्रमैत्रिणींनो, आता घरात कुणी ‘मनाचे खेळ’ म्हणत नाही. आपल्या लाजेपायी आपलं माणूस दुखणं सोसत राहतं. त्याला एकटं सोडू नका. त्याच्यासाठी रांगेत उभे राहा, आणि हवं ते मोठ्याने मागा!