सरकलेली दाढ

धुळ्यात दात सरळ करायचे तर डॉ. आधार बैसाणे, हे ठरूनच गेलेलं होतं. प्रत्येक दातावर पोलादी कडं चढवायचं, सिमेंटनं पक्कं करायचं आणि मग तार ओवायची, ही त्यांची पद्धत. तार वाकवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. रुपचंद बिऱ्हाडे हे काम त्यांच्याकडेच शिकला.

शहाऐंशी साली रुपचंदनं जळगावला दवाखाना थाटला आणि कडी सोडूनच दिली. तो दाताला जरासं आम्ल लावायचा, धुवायचा, कोरडाठक्क करायचा आणि तार ओवायचं डाळीएवढं ब्रॅकेट सरळ दातावर चिकटवायचा. कॉलेजच्या मुली धुळ्याहून एसटीनं जळगावला जाऊ लागल्या. आधारनीही मुंबईहून ते साहित्य मागवलं. पहिल्याच पेशंटची ब्रॅकेटं आठवड्यात गळून पडली. कुठेतरी ओलावा राहत होता. रुपचंदला फोन करून विचारलं असतं तर काम झालं असतं, पण ते त्यांना जमलं नाही. डबा कपाटात गेला.

एका दुपारी ताईबाई मुलीला, रत्नाला, घेऊन आली. पोरगी रुपचंदची पेशंट. मक्याचं कणीस खाताना तिचं ब्रॅकेट निघालं होतं आणि तार गालात टोचत होती.

"जळगावले जावाले बठ्ठा दिन जास, डाक्टरसाहेब. तुम्हीच चिटकाडी द्या."

"ते काम तिकडचं. मी तार तेवढी कापून देतो."

त्यांनी चिमट्यानं बाकीची ब्रॅकेटं हलवून पाहिली. एकही हललं नाही. आधारनी जरा जोर लावून पुन्हा पाहिलं. मग त्यांचं लक्ष मागच्या दाढांकडे गेलं. पुढे आलेले दात मागे घ्यायला रुपचंदनं दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढून जागा केली होती आणि मोठ्या दाढेपासून पुढच्या दातांपर्यंत रबर ताणलं होतं. पण रबर दोन्ही टोकं ओढतं. मोठ्या दाढा टाळूवरून तारेनं एकमेकींना बांधायच्या राहिल्या होत्या. पुढचे दात जिथल्या तिथे, दाढाच मोकळ्या जागेत सरकत होत्या.

"बाकी ठीक शे ना?" ताईबाईनं विचारलं.

"ठीक आहे," आधार म्हणाले.

त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं. बायकोनं विचारलंही, आज काय विशेष?

दिवाळीनंतर रत्ना पुन्हा आली. जळगावला जाऊन चिकटवून आणलेलं तेच ब्रॅकेट पुन्हा निघालं होतं. जागा निम्म्याहून कमी उरली होती. ती संपली की पुढचे दात न्यायचे कुठे? पोरगी ओठ घट्ट मिटून हसली, आणि आधारना कसंतरीच झालं.

"उद्या जळगावला जायचं," ते म्हणाले. "मीही येतो."

रुपचंदच्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती. आधारनी तेवढ्यातही माणसं मोजून घेतली.

"आधारभाऊ! या, या." रुपचंद हात पुसत बाहेर आला. आधारनी दाढांचं सांगितलं तेव्हा स्वतःच्या आवाजातला आनंद त्यांना स्वतःलाच ऐकू आला. रुपचंदनं आरसा घालून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझी चूक झाली, भाऊ. बरं झालं तुम्ही लगेच आलात."

"मागच्या वेळीही या डॉक्टरांनी पाहिलं होतं," रत्ना खुर्चीतूनच म्हणाली. "ठीक आहे म्हणाले."

रुपचंदनं मान वर केली. "तेव्हा दिसलं नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. "दिसलं होतं," आधार म्हणाले.

रुपचंदनं रबर काढलं. "दाढांची कडी तुम्हीच बसवा. तुमचा हात चांगला आहे." बोलण्यात कौतुक होतं, पण आपलेपणा गेला होता.

आधारनी कडी बसवली, टाळूवरची तार वाकवून दिली. मग रुपचंद निघालेलं ब्रॅकेट लावू लागला. आम्ल धुतल्यावर त्यानं गालातला भिजलेला कापूस काढून नवा ठेवला, फुंकणीनं हवा मारली. दात खडूसारखा पांढरा झाला. आधार बघतच राहिले. त्यांनी कापूस बदललाच नव्हता.

वर्षभर रत्नाला झोपताना मानेमागून पट्टा बांधून, त्याला जोडलेल्या तारेनं दाढा मागे ओढाव्या लागल्या. पण दात जागेवर बसले, आणि ताईबाई गल्लीभर जळगावच्या डॉक्टरचं नाव सांगत फिरली. ते ऐकून आधार दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

तोवर तेही ब्रॅकेटं चिकटवू लागले होते, आणि ती टिकतही होती. कुठे शिकलात, असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "पुण्याला."