बद्रीच्या सायकलचं हँडल

बद्रीनाथला त्याच्या लेकीनं, वनमालानं, पुण्याहून बॅटरीची रेसर सायकल पाठवली आणि त्या दिवसापासून अभिमन्यूला अन्न गोड लागेना. दोघेही एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बद्रीला घाटात गाडी चढवायला शिकवलं ते अभिमन्यूनं. बद्री आजही त्याला दादा म्हणतो आणि त्याचा शब्द खाली पडू देत नाही. रोज सकाळी दोघं बीडहून कपिलधारच्या फाट्यापर्यंत सायकल मारायचे, टपरीवर चहा घ्यायचे आणि माघारी यायचे. सगळं बरं चाललं होतं. त्यात ही सवत आली.

मोटर अभिमन्यूनं एक वेळ सोसली असती. या वयात पायांना आधार लागतोच. त्याला खुपायचं ते हँडल. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं, वरून जाड मऊ पट्टी गुंडाळलेली, आणि जिथं ते सायकलला जोडलंय तिथं दांड्यात रबराचा सांधा. खडी उघडी पडलेल्या रस्त्यावर बद्रीचं पुढचं चाक थडथड उडायचं, पण हात मात्र निवांत. अभिमन्यूच्या साध्या सायकलवर एकेक खडा थेट मनगटात यायचा. जन्मभर स्टिअरिंग धरून हातांची आधीच वाट लागलेली; फाट्यावर पोचेस्तोवर बोटांना इतक्या मुंग्या यायच्या, की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. बद्री एका हातात कप धरून दुसऱ्यानं बिस्कीट बुडवायचा. ते बिस्कीट बघून अभिमन्यूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या पठ्ठ्यानं असं कोणतं पुण्य केलं होतं?

एका सकाळी फाट्यावर बद्रीनंच आग्रह करून त्याला आपल्या सायकलवर बसवलं. आढेवेढे घेत अभिमन्यू निघाला, त्याच खडीवरून पुढच्या वळणापर्यंत गेला आणि परत फिरला. हात गप्प होते. मुंग्या नाहीत, कळ नाही. त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. आणि हे सुख बद्री रोज भोगतो, या विचारानं लगेच त्याचा जळफळाट झाला.

टपरीपाशी बद्री वाट बघत होता. "कसं वाटलं, दादा?"

"काय न्हाई बे त्यात. ड्रायव्हरच्या हाताला रस्ता कळाया पायजे. ह्या रबरानं हात आंधळे होत्यात. एक दिस खड्ड्यात जाशील."

बद्री विचारात पडला. मग म्हणाला, बरं झालं विचारलं. दादांचे हात रोज बघवत नाहीत, म्हणून असलाच सांधा त्यांच्या सायकलला बसवायचा असं त्यानं वनमालाला सांगून ठेवलं होतं. ती उद्या पार्सल टाकणार होती. त्यानं तिथंच फोन लावला आणि पाठवू नको म्हणून कळवलं. दादा म्हणतात म्हणजे खरंच असणार, असंही वर सांगितलं.

असू दे, येऊ दे, एवढंच अभिमन्यूला बोलायचं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते. पण बोललं की आत्ताचं खोटं उघडं पडणार, तेही बद्रीसमोर. तो टपरीच्या पत्र्याकडं बघत बसला आणि फोन बंद झाला.

"मंग माजं ह्ये हँडल बी काढून टाकू का?" बद्रीनं विचारलं. "तुमी म्हनाल तसं."

अभिमन्यूनं त्या हँडलकडं एकदा डोळे भरून पाहिलं.

"काढच," तो म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी त्याच्या जिवाला बरं वाटलं.